एजंटाचा झाला समुपदेशक

भाचीला अमेरिकेत ‘रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंग’च्या एम.ए.ला प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाल्यावर थोरल्या मावशीने विचारलं, “म्हणजे धरणग्रस्तांचं काम का गं?” मावशीचं सासर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. पुनर्वसन म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे पर्यायी जमीन, नव्या गावठाणाचा नकाशा आणि अठरा नागरी सुविधांची यादी उभी राहते. भाचीने तिला समजावलं, की अपघातात हात गेलेला, दृष्टी गेलेला, मेंदूला मार बसलेला, मनाच्या आजारातून उठलेला माणूस पुन्हा कामाला कसा लागेल, हे त्याच्याबरोबर बसून ठरवायचं आणि तो लागेपर्यंत पाठपुरावा करायचा. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चांगलंच आहे. पण त्याला दोन वर्षं कॉलेज कशाला?”

हा प्रश्न मावशीच्या आधी अमेरिकेतल्या राज्याराज्यांच्या पुनर्वसन खात्यांनी विचारला होता. त्याचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही, आणि या पदवीचा सगळा इतिहास त्या न मिळालेल्या उत्तराभोवतीच फिरतो.

भाचीने अभ्यासक्रमाची यादी पाठवली. पूर्वी ४८ क्रेडिटची असलेली ही पदवी आता ६०ची झाली आहे. समुपदेशनाचे सिद्धान्त, अपंगत्वाची वैद्यकीय बाजू, त्याची मानसिक-सामाजिक बाजू, चाचण्या आणि मूल्यमापन, व्यवसायांची माहिती, नोकरी मिळवून देणं, कायदे, नीतिशास्त्र. मग १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान २४० तास समोर माणूस बसलेला हवा. यादी वाचताना जुन्या वाड्यात शिरल्यासारखं वाटलं. आजोबांनी बांधलेला चौक, काकांनी चढवलेली माडी, मागच्या अंगाला कुणीतरी घाईने घातलेला पत्रा. एकाच वास्तुविशारदाने एका बैठकीत काढलेलं हे घर नव्हे. कुठली खोली कुणी बांधली आणि कशासाठी, ते पाहायचं तर शंभरेक वर्षं मागे, बोस्टनला जायला हवं.

तिथे फ्रँक पार्सन्स नावाचा गृहस्थ होता. शिक्षणाने इंजिनियर. रेल्वे कंपनीत लागला, कंपनी बुडाली. मग लोखंडाच्या कारखान्यात मजुरी, मग शाळामास्तरकी, मग वकिली, मग कायद्याची पाठ्यपुस्तकं लिहिणं, मग प्राध्यापकी. मधल्या काळात बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूकही लढवून हरला. इतके व्यवसाय बदललेल्या माणसाने व्यवसाय कसा निवडावा याचं शास्त्र काढावं, यात विसंगती शोधणारे शोधोत. मला ते अगदी रास्त वाटतं. जानेवारी १९०८मध्ये त्याने बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात, जिथे नुकतेच बोटीतून उतरलेले इटालियन आणि ज्यू स्थलांतरित राहत, तिथल्या तरुणांसाठी ‘व्होकेशन ब्यूरो’ उघडला. त्याचं सूत्र तीन पायऱ्यांचं होतं : स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, मग दोन्हींची सांगड घाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो वारला. ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे त्याचं पुस्तक दुसऱ्या वर्षी निघालं. त्यात शंभराहून अधिक प्रश्नांची प्रश्नावली आहे, आणि उमेदवार उत्तरं देत असताना त्याच्या डोक्याचा आकारही नीट न्याहाळावा अशी सूचना आहे. कवटी मागे पडली, तीन पायऱ्या उरल्या. आज ‘चाचण्या आणि मूल्यमापन’ व ‘व्यवसायांची माहिती’ हे जे दोन पेपर भाचीला आहेत, ते पार्सन्सच्या पहिल्या दोन पायऱ्या आहेत. १९११मध्ये हार्वर्डला या विषयाचा वर्ग भरला, तो पार्सन्सचा वारसदार मेयर ब्लूमफील्ड याने घेतला. समुपदेशक विद्यापीठात घडवता येतो, या कल्पनेचा उगम तिथला.

पण पार्सन्ससमोर बसणारी मुलं धडधाकट होती. अपंग माणूस या चित्रात आला तो महायुद्धामुळे आणि कारखान्यांमुळे. १९१७मध्ये न्यूयॉर्कला रेडक्रॉसने जायबंदी पुरुषांसाठी संस्था काढली. हात-पाय गमावलेल्यांना तिथे वेल्डिंग, छपाई, यांत्रिक रेखांकन असे धंदे शिकवत.  १९१८मध्ये जखमी सैनिकांसाठी कायदा झाला. मग प्रश्न आला, की खंदकात पाय गेलेल्याला सरकार शिकवणार आणि खाणीत किंवा सूतगिरणीत पाय गेलेल्याने काय करायचं? २ जून १९२० रोजी स्मिथ-फेस कायद्यावर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांची सही झाली आणि नागरिकांसाठी पुनर्वसनाची योजना सुरू झाली. निम्मा खर्च केंद्राने करायचा, निम्मा राज्याने. सही करणाऱ्या विल्सनना आठच महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, आणि व्हाइट हाउस ती गोष्ट जगापासून लपवून होतं. अपंगाने उघडपणे काम करावं असा कायदा, आणि त्याखाली अपंगत्व झाकून काम करणाऱ्याची सही.

कायदा व्यवसायशिक्षणाच्या केंद्रीय मंडळाच्या हाती दिला गेला. या एका प्रशासकीय निर्णयाने पुढच्या तीस वर्षांचा नोकरवर्ग ठरला. जे लोक कामाला लागले ते बहुतेक शाळांमधले, सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे, तालुक्या-तालुक्यांतून हिंडायची सवय असलेले. त्यांचं पदनाम होतं ‘रिहॅबिलिटेशन एजंट’. विम्याचा एजंट असतो तसा पुनर्वसनाचा एजंट. एका माणसाच्या वाट्याला पाच-सहा काउंटी, कधी त्याहून जास्त. त्याने अपघातग्रस्त माणूस शोधून काढायचा, त्याला धंदा शिकवणारं कुणी गाठायचं, मग मालकाला पटवायचं. शस्त्रक्रियेला पैसे देण्याची मुभा नव्हती. मनोरुग्ण आणि मतिमंद कायद्याच्या बाहेर होते. या एजंटला कुणी मानसशास्त्र शिकवलं नव्हतं. त्याच्यापाशी ओळखी होत्या, पायपीट होती आणि एक शब्द होता : ‘फीझिबल’.

या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. पैसे थोडे, माणसं पुष्कळ. तेव्हा ज्याचं पुनर्वसन जमण्याजोगं आहे त्यालाच घ्यायचं. फीझिबल म्हणजे जमण्याजोगा. आपल्याकडे प्रकल्प व्यवहार्य आहे की नाही ते ठरवतात, तिकडे माणूस ठरवू लागले. आणि ठरवणार कोण, तर एजंट. शेतकऱ्याने बाजारात बैल पाहावा तसं पाहून, चालवून, दात मोजून त्याने शेरा मारायचा. शब्द वाईट हेतूने आलेला नव्हता, तो हिशेबातून आला होता. पण पुढे या व्यवसायाने ज्या ज्या वेळी कात टाकली त्या त्या वेळी भांडण याच शब्दाशी होतं.

१९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ही योजना कायमची झाली. १९४३मध्ये, कारखान्यांना माणसं कमी पडत असताना, बार्डन-ला फॉलेट कायद्याने दार आणखी उघडलं : मनाचे आजार आणि मतिमंदत्वही आत आलं, आणि उपचारांवर, शस्त्रक्रियेवर खर्च करायची परवानगी मिळाली. एजंटची पंचाईत इथे सुरू झाली. पाय गेलेल्याशी काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. इस्पितळात दोन वर्षं काढून आलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाशी काय बोलायचं? सर्जनचा अहवाल वाचायचा कसा? ‘अपंगत्वाची वैद्यकीय बाजू’ हा पेपर या पंचाइतीच्या पोटी जन्मला.

आता मेरी स्वित्झर. मॅसॅच्युसेट्समधल्या गिरणीच्या वस्तीत १९०० साली जन्मलेली आयरिश घरातली मुलगी, रॅडक्लिफची पदवीधर, सगळं आयुष्य सरकारी नोकरीत. १९५०च्या अखेरीस ती केंद्रीय व्यावसायिक पुनर्वसन कार्यालयाची प्रमुख झाली. आपल्याकडे एखादा खमका सचिव असतो, मंत्री बदलतात पण खुर्चीतला तो बदलत नाही आणि अर्थसंकल्पात त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही, त्या जातीची ही बाई. डॉक्टर हॉवर्ड रस्क तिच्या बाजूला. त्यांनी युद्धात जखमी वैमानिकांवर केलेल्या कामातून न्यूयॉर्कला पुनर्वसन-वैद्यकाची संस्था उभी केली होती. काँग्रेससमोर स्वित्झरबाईंचा युक्तिवाद करुणेचा नव्हता, वाण्याचा होता : पुनर्वसनावर सरकार डॉलर खर्च करतं, तो माणूस कामाला लागला की कराच्या रूपाने तो कित्येक पटींनी परत येतो. आयसेनहॉवर यांच्यासारख्या काटकसरी राष्ट्राध्यक्षाला हे तत्काळ पटलं. जानेवारी १९५४च्या संदेशात त्यांनी उद्दिष्ट सांगितलं : वर्षाला ६० हजार माणसांचं पुनर्वसन होतं, ते १९५९पर्यंत २ लाखांवर न्यायचं.

दोन लाख माणसं कामाला लावायची तर लावणारे कुठून आणायचे? म्हणून ऑगस्ट १९५४मध्ये झालेल्या कायद्यात, पब्लिक लॉ ५६५मध्ये, विद्यापीठांना अनुदान आणि विद्यार्थ्यांना पाठ्यवेतन देण्याची तरतूद घातली गेली. या पदवीची खरी जन्मपत्रिका ही. एरवी विद्यापीठात विषय आधी वाढतो, संशोधक जमतात, वाद होतात, मग पदवी निघते. इथे आधी उद्दिष्टाचा आकडा आला, मग पैसा आला, मग पदवी आली आणि विषय काय ते नंतर शोधायचं ठरलं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आपली शेती विद्यापीठंही धान्य कमी पडलं म्हणूनच निघाली. फक्त गर्भातला हा हिशेब मूल मोठं झालं तरी अंगावर दिसत राहतो, एवढंच.

१९५५मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला विद्यापीठांचे प्राध्यापक आणि राज्यांचे अधिकारी एकत्र बसले. शिकवायचं काय? प्राध्यापक बहुतेक मानसशास्त्राकडून आलेले. त्या सुमारास समुपदेशनाच्या जगात दोन घराणी होती, गायकीत असतात तशी. मिनेसोटाचे विल्यमसन पार्सन्सच्या परंपरेतले : चाचण्या घ्या, निष्कर्ष काढा, सल्ला द्या. दुसरीकडे कार्ल रॉजर्स. त्यांचं १९४२चं पुस्तक समुपदेशकाला म्हणत होतं की सल्ला देऊ नकोस, ऐक. समोरचा ‘पेशंट’ नाही, ‘क्लायंट’ आहे, आपली वाट तो शोधेल. आणि टेबलाच्या पलीकडे राज्यांचे संचालक, ज्यांच्या डोक्यावर २ लाखांचा आकडा. त्यांना ना हे घराणं हवं होतं ना ते. त्यांना चार ठिकाणांहून कागद जमवणारा, डॉक्टर-शिक्षक-मालक यांची मोट बांधणारा माणूस हवा होता. मावशीचा प्रश्न त्यांच्या ओठांवर होता.

इलिनॉय विद्यापीठातले सी. एच. पॅटरसन यांनी १९५७मध्ये हे भांडण एका लेखाच्या शीर्षकातच मांडलं : काउन्सेलर की कोऑर्डिनेटर? त्यांचं म्हणणं, ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळी माणसं घडवा, विद्यापीठाने समुपदेशक घडवावा. तसं कुणी केलं नाही. दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात आली आणि दोन्ही एकाच अभ्यासक्रमात कोंबली गेली. १९६९मध्ये मथार्ड आणि सॅलोमोन यांनी समुपदेशकाचा दिवस मोजून पाहिला, तेव्हा प्रत्यक्ष समुपदेशनाला मिळत होता एक तृतीयांश वेळ. दुसरा तृतीयांश कागदपत्रं, नोंदी, नियोजन आणि नोकरी लावणं यात, तिसरा अहवाल, प्रवास, जनसंपर्क वगैरेंत. दोन वर्षं रॉजर्स शिकून आलेला मुलगा दिवसातले दोन-अडीच तास रॉजर्स आणि उरलेला दिवस कारकून.

त्या काळात अभ्यासक्रमात जे आलं त्यातलं सगळंच उधारीचं होतं असं मात्र नाही. बिअ‍ॅट्रिस राइट यांचं शारीरिक अपंगत्वाच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक १९६०चं. त्यांनी पुढे आणलेली एक कल्पना मला या सगळ्या वाड्यातली सर्वांत उजेडाची खोली वाटते. अपंगत्व पाहणाऱ्याच्या मनात पसरतं, असं त्या म्हणतात. माणसाला दिसत नाही एवढंच खरं असतं, पण लोक त्याच्याशी मोठ्याने बोलू लागतात, जणू ऐकूही येत नाही; मग त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला विचारतात, “यांना चहा चालतो का?” जणू त्याला स्वतःचं मतही नाही. तेलाचा थेंब कागदावर पसरतो तसं एक उणेपण सगळ्या माणसावर पसरतं. आपल्याकडे लग्नसमारंभात चाकाच्या खुर्चीतल्या माणसाशी लोक कसे वागतात ते आठवा. हे शिकायला कॉलेज लागतं का? लागत असावं, कारण कॉलेजबाहेर ते फारसं कुणाला आलेलं दिसत नाही.

खात्यांमध्ये मात्र आकडा राज्य करत होता. प्रत्येक फाइलला सांकेतिक क्रमांक असे. अर्जदार आला की ०२. काम लागलं, टिकलं, फाइल यशस्वी म्हणून मिटली की २६. काम लागलं नाही आणि फाइल मिटली तर २८. समुपदेशकाची वर्षाची कमाई म्हणजे त्याचे सव्वीस किती. नोकरी साठ दिवस टिकली की सव्वीस. पुढे ही मुदत नव्वद दिवसांची झाली. जिथे सव्वीस मोजतात तिथे दुधावरची साय आधी काढली जाते. त्याला तिकडे शब्दही तोच आहे, ‘क्रीमिंग’. हर्नियाची शस्त्रक्रिया करून परत कामावर जाणारा तरुण हाती लागला तर मानेखाली लुळ्या पडलेल्या मुलीची फाइल कोण उघडणार? यातला आणखी एक नमुना म्हणजे ‘होममेकर’. बाई घर सांभाळू लागली की तोही सव्वीस, पगार नसला तरी. गृहिणीच्या कामाला सरकारदरबारी व्यवसायाचा दर्जा मिळाला, असं कुणाला वाटेल. प्रत्यक्षात कित्येक फाइली मिटवायची ती सोपी वाट होती. २०१४च्या कायद्यानंतर ती बंद झाली.

आणि मग एड रॉबर्ट्स. कॅलिफोर्नियातला मुलगा, १९५३मध्ये चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर बहुतेक गेलं. रात्री श्वासासाठी लोखंडी फुप्फुसात झोपायचं. व्यायामाचा आणि ड्रायव्हिंगचा विषय पुरा केला नाही म्हणून शाळा दाखला देईना. आई झोनाने भांडून तो मिळवला. बर्कलीच्या विद्यापीठात जायचं तर फी आणि खर्चासाठी राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे अर्ज. तिथल्या समुपदेशकाने फाइल पाहून निकाल दिला : हा कधी कमावणार नाही. इन्फीझिबल. एजंटचा तो जुना शब्द, नकार जोडून. वर्तमानपत्रांनी बातमी केली, कॉलेजच्या माणसांनी रेटा लावला, खात्याने निर्णय फिरवला. १९६२मध्ये रॉबर्ट्स बर्कलीला दाखल झाला आणि लोखंडी फुप्फुस मावेल अशी खोली वसतिगृहात नसल्याने विद्यापीठाच्या काउवेल इस्पितळात राहू लागला.

त्याच्या मागून तसेच आणखी विद्यार्थी आले. त्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवून घेतलं. खात्याने काउवेलवर आपला समुपदेशक नेमला. १९६९च्या सुमाराला त्या अधिकाऱ्याने दोन विद्यार्थ्यांना प्रगती समाधानकारक नाही म्हणून बाहेर काढायचं ठरवलं, तेव्हा बाकीच्यांनी बंड केलं आणि अधिकाऱ्याचीच बदली करवली. बर्कलीच्या साठच्या दशकातली ही एक लहानशी लढाई, पण माझ्या मते या व्यवसायाच्या इतिहासात तिचं मोल कुठल्याही परिषदेपेक्षा जास्त आहे. ज्याची फाइल होती त्याने फाइल लिहिणाऱ्याचं मूल्यमापन केलं. १९७२मध्ये याच मंडळींनी बर्कलीत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं केलं. तिथे सल्ला देणारे स्वतः अपंग होते. पदवी बहुतेकांकडे नव्हती. रॅम्प कुठे आहे, मदतनीस कसा ठेवायचा आणि काढायचा, घरमालकाशी काय बोलायचं, हे ते जगून शिकले होते.

१९७५मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचा संचालक नेमला. त्याचं नाव एड रॉबर्ट्स. ज्या खात्याने त्याला न जमण्याजोगा ठरवलं त्याच खात्याचे समुपदेशक आता त्याला अहवाल देणार होते. आठ वर्षं तो त्या खुर्चीत होता. त्याची फाइल सव्वीस म्हणून मिटली होती का, ते कुणी शोधून काढावं असं मला राहून राहून वाटतं.

वॉशिंग्टनमध्येही वारं फिरत होतं. १९७३च्या पुनर्वसन कायद्याला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आधी दोनदा नकाराधिकार वापरून अडवलं आणि सप्टेंबरमध्ये सही केली. त्या कायद्याच्या नावातून ‘व्यावसायिक’ हा शब्द गेला, नुसतं ‘पुनर्वसन’ उरलं. तीव्र अपंगत्व असलेल्यांना आधी घ्या, असं त्यात आलं. सायीची सवय लागलेल्यांना ते जड गेलं. पुनर्वसनाची योजना लेखी हवी आणि तिच्यावर समुपदेशकाबरोबर क्लायंटची सही हवी. त्यातलं कलम ५०४ भेदभावाला बंदी घालणारं. त्याचे नियम चार वर्षं निघेनात, तेव्हा एप्रिल १९७७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग आंदोलकांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला. ज्यूडी ह्यूमन त्यांच्या पुढाऱ्यांत होती आणि ब्लॅक पँथर्सनी त्यांना जेवण पुरवलं. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. आज कायद्याचा पेपर शिकताना हे प्रकरण शिकवतात. ज्यांनी तो पेपर घडवला त्यांच्यातले किती जण समुपदेशकांवर वैतागलेले होते, तेही शिकवत असावेत अशी आशा.

त्याच दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत व्यवसायाने स्वतःभोवती कुंपण घातलं. अभ्यासक्रम तपासणारी परिषद निघाली, समुपदेशकाला प्रमाणपत्र देणारा आयोग निघाला, परीक्षा आली. विम्याच्या कंपन्यांनीही हीच माणसं नेमायला सुरुवात केली. सामाजिक सुरक्षेच्या सुनावण्यांत ‘हा माणूस अजून कुठलं काम करू शकेल’ याची साक्ष द्यायला व्यवसायतज्ज्ञ लागू लागले, तिथेही काही पदवीधर गेले. तिथे पगार बरा, आणि काम नेमकं उलटं : कधीकधी माणूस काम करू शकतो हे सिद्ध करून त्याची भरपाई कमी करायची. या पत्र्याच्या खोलीबद्दल वाड्यात फार बोललं जात नाही.

१९९२च्या सुधारणेने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. एक, अपंग माणूस सेवेचा लाभ घेऊ शकतो हे गृहीत धरायचं. घेऊ शकत नाही असं खात्याला वाटत असेल तर ते खात्याने भक्कम पुराव्यानिशी सिद्ध करायचं. म्हणजे फीझिबल ठरवण्याचं ओझं खांदापालट होऊन पलीकडे गेलं. आणि दुसरी, राज्यांच्या समुपदेशकांची शैक्षणिक पात्रता वाढवण्याची योजना करा. त्यातून अनेक राज्यांत एम.ए. हा किमान दंडक झाला. माणूस तपासणाऱ्याचा अधिकार काढला त्याच वेळी तपासणाऱ्याला जास्त शिकवायचं ठरलं. पुढे २०१४च्या कायद्याने दंडक सैल केला, अनुभव असेल तर बी.ए.ही चालेल म्हटलं. २०१७मध्ये पुनर्वसन शिक्षणाची परिषद समुपदेशनाच्या मोठ्या परिषदेत विलीन झाली. पॅटरसन असते तर खूश झाले असते की खट्टू, सांगता येत नाही.

याच १९९२ साली भारतात पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड. आपलं आणि अमेरिकेचं नातं त्याआधीचं. पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हाचे रुपये भारतातच साचत असत. रेशनच्या रांगेत उभं राहून ते धान्य आणलेली पिढी अजून आहे. त्या साचलेल्या रुपयांतले काही स्वित्झरबाईंच्या कार्यालयाने १९६०नंतर भारतातल्या पुनर्वसन-संशोधनाला दिले. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ची. अपंगांसाठीचं देशातलं पहिलं खास सेवायोजन कार्यालय १९५९मध्ये मुंबईतच निघालं, आणि १९६८मध्ये अपंगांसाठीची पहिली दोन व्यावसायिक पुनर्वसन केंद्रं मुंबई आणि हैदराबादला सुरू झाली. मुंबईतल्या सायनच्या केंद्रात उमेदवाराला प्रत्यक्ष कामं देऊन पाहत. त्या कार्यशाळांत पार्सन्सच्या तीन पायऱ्या ओळखू येतात. आता त्या केंद्राच्या नावात पुनर्वसन नाही, ‘करिअर’ आहे. अमेरिकेत समुपदेशक जे करतो ते काम आपल्याकडे इस्पितळातला मेडिकल सोशल वर्कर करतो, विशेष शाळेच्या बाई करतात, आणि बहुतेक वेळा घरातला एखादा भाऊ वा वहिनी करते. परिषदेच्या यादीत पुनर्वसन समुपदेशक आहे, पण विशेष शिक्षक आणि वाचा-श्रवणतज्ज्ञ यांच्या वाटा जितक्या रुंद झाल्या तितकी त्याची झाली नाही.

भाचीची इंटर्नशिप सध्या एका राज्याच्या खात्यात चालू आहे. सरकारी शिष्यवृत्ती तिला नाही, ती नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच; घेणाऱ्याने एका वर्षाच्या मदतीपोटी दोन वर्षं सरकारी किंवा तत्सम संस्थेत काम करून ती फेडायची असते. गेल्या रविवारी फोनवर ती सांगत होती, की तिची सुपरवायझर अजून ‘ट्वेंटी-सिक्स’ म्हणते, नव्या संगणकप्रणालीत तो आकडा उरलेला नसला तरी. तिच्या पहिल्या क्लायंटचे नव्वद दिवस भरले, फाइल मिटली. मावशी शेजारीच बसली होती. तिने फोन हातात घेतला.

“तीन महिन्यांत मिटवता होय? आमची अजून उघडी आहे गं.”